लादीपावाच्या मुलखातून ब्रेत्झेलच्या गावात

जर्मनीत रविवारी बाजार बंद असतो. आपल्याकडच्यासारखा शटर अर्धं खाली ओढून मागच्या दाराने सामान देणारा बंद नव्हे, कायद्याने बंद. कपडे, किराणा, खिळे-मोळे, काही म्हणता काही मिळत नाही. घरात ड्रिल चालवलं तर शेजारी दार वाजवतो. अशा चिडीचूप रविवारी सकाळी आठला स्टुटगार्टच्या आमच्या गल्लीत एकच रांग दिसते, ती बेकरीपुढे. कुत्र्याला फिरवता फिरवता आलेले आजोबा, रात्रभर जागून तारवटलेली कॉलेजची पोरं, आणि कापडी पिशवी घेतलेले संसारी बाप. घरातले उठायच्या आत ताजे पाव घेऊन परतायचं, हे इथल्या बापांचं रविवारचं ठरलेलं काम. १९९६ साली दुकानांच्या वेळांचा कायदा सैल झाला तेव्हा बेकऱ्यांना रविवारी काही तास विक्रीची मुभा मिळाली. सुट्टीच्या दिवशी सोफा नको, टीव्ही नको, पण ताजा पाव हवा, असं या देशाने बसून ठरवलंय.

मी देवनारची. देवनार म्हटलं की मुंबईकर नाक धरतो, कारण त्याला दोनच गोष्टी ठाऊक असतात: १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड आणि १९७१ पासूनचा कत्तलखाना. टाटा इन्स्टिट्यूटमुळे अलीकडे थोडी अब्रू आहे इतकंच. आमच्या वसाहतीत वारा कुठून वाहतोय त्यावर दिवसाचा वास ठरायचा. पण पहाटे पाचचा वास पक्का होता. गोवंडीच्या बाजूने भट्टीवरच्या पावाचा गरम, किंचित जळकट वास यायचा, आणि त्यामागून सायकलला मोठी टोपली बांधलेला पाववाला. दूधवाल्याच्या आधी तो. त्याचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. ‘पाववाला’ एवढंच.

नवऱ्याच्या नोकरीने आम्हाला स्टुटगार्टला आणलं, मग माझीही नोकरी इथल्याच गाड्यांच्या धंद्यात लागली. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची जोडशहरं आहेत. हे मला स्टुटगार्टच्या टाउन हॉलमध्ये कळलं. देवनारमध्ये कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. एक शहर समुद्रात भर घालून उभं राहिलेलं, दुसरं टेकड्यांच्या खळग्यात. इथे गल्ल्यांऐवजी जिने आहेत, शेकड्यांनी, आणि द्राक्षाचे मळे अगदी रेल्वे स्टेशनाच्या मागे उतरून येतात.

इथे आलेल्या मराठी माणसाला पहिला धक्का थंडीचा बसत नाही, थंड न्याहारीचा बसतो. आपल्या घरात सकाळ म्हणजे फोडणी. पोहे असोत, उपमा असो, निदान कालची पोळी तव्यावर परतलेली तरी असते. इथे सकाळी गॅस पेटतो तो कॉफीपुरता आणि अंड्यापुरता. पण म्हणून ही न्याहारी गरिबाची आहे असं समजू नका. एका सहकाऱ्याने रविवारी न्याहारीला बोलावलं तेव्हा टेबलावर हात टेकायला जागा नव्हती. मधोमध फडक्यात गुंडाळलेली पावांची टोपली. भोवती लोणी, चार तऱ्हांचं चीज, कापलेलं थंड मांस, मुरांबे, मध, चक्क्याच्या जवळ जाणारं क्वार्क, काकडी-टोमॅटोच्या चकत्या. प्रत्येकासमोर ताटलीऐवजी लाकडाची छोटी फळी. अंडं एका छोट्या पेल्यात उभं, वर विणलेली लोकरीची टोपी, निवू नये म्हणून. अंड्याला टोपी घालणाऱ्या लोकांना पाव थंड चालतो, याचं मला फार दिवस नवल वाटत होतं.

दोन तास चालली ती न्याहारी. कोणी कोणाला वाढत नाही. ज्याने त्याने आपला पाव आडवा चिरायचा, आपलं लोणी फासायचं, वर काय हवं ते ठेवायचं. “अजून एक घ्या ना” असा आग्रह नाही. मला आधी हे रुक्ष वाटलं. मग लक्षात आलं की या घरातल्या बाईने रविवारी सकाळी दोन तास बसून खाल्लं, गप्पा मारल्या, आणि एकदाही उठून ओट्याशी गेली नाही. माझ्या आईला मी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. गरम गरम पोह्यांची किंमत घरात कोणीतरी एकजण उभं राहून चुकवत असतं, हे त्या थंड टेबलाशी बसून मला कळलं.

संध्याकाळचीही तीच तऱ्हा. ‘रात्री जेवायला या’ म्हणून बोलावतात आणि समोर पुन्हा पाव, चीज, लोणची काकडी. जर्मन घरांत गरम जेवण परंपरेने दुपारचं. नव्याने आलेलं एक मराठी जोडपं दुपारपासून पोट रिकामं ठेवून अशा जेवणाला गेलं आणि परतताना आमच्याकडे उतरून खिचडी खाऊन मग घरी गेलं. मुलाच्या शाळेच्या डब्यातही पावच. पोळीची गुंडाळी दिली तर तो ती खातो, पण आवडीने मागतो ते लोणी-चीज लावलेले राय पावाचे दोन तुकडे. मी वाद घालत नाही.

राय हे धान्य, आपली राई नव्हे. थंडी आणि हलकी वाळूसट जमीन जिथे गव्हाला सोसवत नाही तिथे राय तग धरते, म्हणून उत्तर आणि पूर्व जर्मनीचा पाव काळा आणि आंबूस. आमच्या दक्षिणेच्या बाजूला गहू, आणि डिंकेल नावाचा सालीला घट्ट चिकटणारा जुना गहू, खपलीच्या कुळातला. शेकडो वर्षं हा देश छोट्या छोट्या संस्थानांत विभागलेला होता. दर खोऱ्याचं धान्य वेगळं, सरपण वेगळं, बेकरांच्या संघटनांचे नियम वेगळे. त्यातून तीन हजारांहून अधिक तऱ्हेचे पाव झाले, आणि त्यांची रीतसर नोंदवही आहे. २०१४ मध्ये जर्मनीने आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत ही ‘ब्रेडसंस्कृती’ घातली. साधा छोटा पावसुद्धा बर्लिनमध्ये श्रिपं, बव्हेरियात झेमेल, आमच्या श्वाबियात, म्हणजे स्टुटगार्टच्या मुलखात, वेकलं. बर्लिनहून आलेला जर्मन आमच्या बेकरीत गांगरतो, तेव्हा आम्हा बाहेरच्यांना जरा बरं वाटतं.

नियम मात्र देशभर एक. ज्याला राय पाव म्हणायचं त्याच्या पिठात राय निदान ९० टक्के हवी. पूर्ण धान्याचा पाव म्हटलं तर पूर्ण धान्याचं पीठ ९० टक्के. २५० ग्रॅमच्या वर वजन असेल तरच तो ‘ब्रोट’, खाली असेल तर छोट्या पावांत गणती. पिठाच्या पुडीवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. मी ते कंपनीचे नंबर समजत असे. खरा अर्थ असा की १०० ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते. कोंडा जास्त तर राख जास्त. पोळीसाठी आम्ही भारतीय बहुधा १०५०ची पुडी उचलतो. राखेवरून पिठाची जात ठरवणारे हे लोक, त्यांच्याशी पावावरून थट्टा करू नये.

राय पावाचा खरा जीव आंबवण्यात आहे. रायच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा धरत नाही, आणि त्यातले पाचक रस भट्टीत पिठाचा चिखल करून टाकतात. आंबटपणा आला की ते रस आवरले जातात आणि पाव उभा राहतो. म्हणून आंबवणाचा डबा पिढ्यान् पिढ्या जपायचा, रोज थोडं नवं पीठ-पाणी घालायचं, रोज थोडं काढायचं. घरच्या विरजणासारखंच. माझ्या ओळखीच्या एका बेकरने सांगितलं की सुट्टीवर जाताना तो आंबवण भावाकडे ठेवतो, कुत्रा शेजाऱ्याकडे. घाई करून हे होत नाही. वेस्टफालियाचा काळाकुट्ट पुम्परनिकेल तर कमीत कमी सोळा तास मंद आचेवर भाजतात. त्याचा काळेपणा आणि गोडवा त्या वेळेतूनच येतो.

आमच्या श्वाबियाचा अभिमान मात्र ब्रेत्झेल. तिला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे, आपल्या हापूससारखं. बाड उराख गावच्या बेकरची दंतकथा इथे शाळेतली पोरंही सांगतात. तिथल्या सरंजामदाराने त्याला फर्मावलं, सूर्य तीनदा आरपार दिसेल असा पाव कर, नाहीतर जीव जाईल. त्याने तीन भोकांची ब्रेत्झेल केली. दंतकथा सोडा, कारागिरी बघा. आमच्या बेकरीत काचेपलीकडे ते काम दिसतं. बेकर कणकेची हातभर दोरी वळतो, मधे जाड आणि टोकांना शेवयांइतकी बारीक होत जाणारी. मग दोन्ही टोकं धरून हवेत एक झोका देतो, मधला भाग स्वतःभोवती पीळ घेतो, आणि खाली टेकेपर्यंत टोकं पोटावर चिकटलेली असतात. दोन सेकंद लागत असतील. मग त्या थंडीत ठेवायच्या, म्हणजे वरून साय धरते. त्यानंतर हातमोजे चढवून प्रत्येक ब्रेत्झेल कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात बुडवायची. होय, तोच, ज्याने आपण मोरी मोकळी करतो. माझ्या आईला हे सांगितल्यावर तिने हातातली ब्रेत्झेल खाली ठेवली होती. भट्टीत तो सोडा मोडतो, निरुपद्रवी होतो, आणि जाताना ती तपकिरी तुकतुकीत कांती आणि ती चव देऊन जातो. भट्टीत सरकवण्याआधी पोटावर ब्लेडने एक आडवा काप आणि जाड मिठाची चिमूट. भाजताना तो काप फुटून आतला पांढरा मऊ पाव ओठांसारखा बाहेर येतो. बारीक हात कुरकुरीत, पोट लुसलुशीत. बव्हेरियाची ब्रेत्झेल बिनकापाची आणि जाड हातांची. तिच्याबद्दल इथे चांगलं बोललं जात नाही. शाकाहारी वाचकांसाठी एक टीप: श्वाबियन ब्रेत्झेलमध्ये स्निग्ध पदार्थ पडतो आणि जुन्या वळणाचे बेकर डुकराची चरबी वापरतात. तेव्हा आधी विचारा. लोणी वापरणारेही पुष्कळ आहेत आणि विचारल्याचा कोणाला राग येत नाही.

ब्रेत्झेल आडवी चिरून आत लोण्याचा जाड थर भरला की ती बुटरब्रेत्झेल. स्टुटगार्टमध्ये ऑफिसच्या मीटिंगा हिच्यावर चालतात. वडापावाची जागा या शहरात तिने घेतली आहे असं मी म्हणेन. ट्रामच्या स्टॉपवर उभ्याउभ्या, एका हातात फोन, कागदी पिशवीत ती. मजूर आणि मॅनेजर दोघांनाही परवडणारी.

आई आली तेव्हा मात्र या सगळ्याची परीक्षा झाली. पहिल्या सकाळी टेबल बघून ती म्हणाली, “सकाळच्या पारी पोटात गरम काही नको का गं? हे काय, शिळंपाकं मांडलंय!” राय पावाचा तुकडा तिने चावून पाहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “दात काढून ठेवावे लागतील.” मग तिने आपला मार्ग काढला. चहा करायला लावला, आलं ठेचून, आणि ब्रेत्झेलचे बारीक कुरकुरीत हात मोडून चहात बुडवून खाल्ले. खारी-बटर खाल्ल्यासारखे, कपावर ओणवी होऊन, थेंब न सांडता. खालच्या मजल्यावरच्या आजी नेमक्या तेव्हाच कसल्या तरी पार्सलसाठी वर आल्या. नव्वदीला टेकलेल्या, ताठ, श्वाबियन. मला वाटलं, आता काही बोलतील. त्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझे वडील असंच खायचे. जवाच्या कॉफीत, कालचं वेकलं.” मी आईला मराठीत सांगितलं. आईने दुसरा कप पुढे सरकवला, “बसा म्हणावं त्यांना.”

मग त्या रोजच्या झाल्या. आई मराठीत, त्या श्वाबियनमध्ये, मी मधे दुभाषी, आणि मी ऑफिसात असले की दुभाष्याशिवायही. विषय मुख्यतः अन्न. आजींनी एकदा सांगितलं, युद्ध संपल्यावर स्टुटगार्ट अमेरिकनांच्या ताब्यात होतं, धान्य अमेरिकेतून यायचं आणि त्यात मका. रेशनवर मिळायचा तो पाव मक्याचा, पिवळा, तुकडे तुकडे होणारा. मका इथे कोंबड्यांचं खाणं. पोरं तोंड वाकडं करायची आणि त्यांची आई कानाखाली वाजवायची. १९५० पर्यंत रेशनकार्डं चालली. हे मी आईला सांगत होते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू येत होतं. तिचं माहेर माणदेशातलं. १९७२ च्या दुष्काळात तिच्या गावात रेशनला मिलो आला होता, अमेरिकेची तांबडी ज्वारी. भाकरी थापताना तुटायची आणि गुरंही हुंगून मान फिरवायची. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि सुकडी घेऊन घरी यायचं. “सांग त्यांना,” आई म्हणाली, “आम्हीपण अमेरिकेचंच खाऊन जगलो आणि आम्हालापण आवडलं नव्हतं.” दोघी म्हाताऱ्या हसल्या. मला काही ते हसू पूर्ण कळलं नाही, कारण मी कधी उपाशी राहिले नाही.

म्हणूनच आजी पाव टाकत नाहीत. वाळलेला पाव दूध, अंडी, सफरचंदांत घालून भट्टीत ठेवतात, त्याला ओफेनश्लुप्फर म्हणतात. फारच वाळला तर किसून चुरा. आईने त्यांना उत्तरादाखल फोडणीचा पाव करून घातला: कांदा, हिरवी मिरची, हळद, वरून कोथिंबीर. आजींनी नाक पुसत पुसत ताटली संपवली आणि कृती लिहून मागितली. मिरचीच्या जागी काय घालू, हे त्यांनी दोनदा विचारलं.

आजींच्याच सांगण्यावरून आम्ही एका शनिवारी उल्मला गेलो. स्टुटगार्टहून रेल्वेने तासाभराचं अंतर. लोक तिथे जातात ते १६१ मीटर उंचीच्या शिखराचं चर्च बघायला, किंवा आइन्स्टाइन तिथे जन्मले म्हणून. आम्ही गेलो पावाच्या संग्रहालयात. १९५५ मध्ये आयझेलन नावाच्या बाप-लेकांनी ते सुरू केलं. बेकऱ्यांना लागणारा माल विकून त्यांनी पैसा केला होता. आता ते १५९२ सालच्या मिठाच्या कोठारात आहे, दगडी भिंती, लाकडी तुळया. नांगर, जाती, भट्ट्यांच्या प्रतिकृती, रेशनची कुपनं, आणि मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं. एक गोष्ट मात्र तिथे मांडलेली नाही, खरा पाव. पाव रोज भाजून रोज खायचा असतो, तो काचेच्या पेटीत ठेवायचा जिन्नस नाही, असं संस्थापकांचं म्हणणं. मला हे फार पटलं. आईला पटलं नाही. “एवढं तिकीट काढून पाव नाही दाखवत?” तिने चौकातल्या बेकरीतून एक घेतला तेव्हा कुठे समाधान झालं.

त्या दालनात फिरताना मनात वेगळंच चाललं होतं. आपल्याकडे पाव आला पोर्तुगीजांबरोबर. यीस्ट मिळत नसे तेव्हा गोव्याच्या पदेरांनी, म्हणजे तिथल्या पाववाल्यांनी, ताडीवर कणीक फुगवली. पाव म्हणजे बाट, अशी शेकडो वर्षं समजूत. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, तेव्हा जातिभेद मोडायला निघालेल्या त्या मंडळींत सभासद व्हायचं तर ख्रिस्ती बेकराच्या हातचा पाव खावा लागे, तोही गुपचूप, दारं लावून. त्या पावाने आपल्याकडे केवढी मजल मारली पाहा. इराण्यांनी त्याला मस्का लावला, १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर त्यात वडा बसला, आणि आज उपासाचा दिवस सोडला तर पावाशिवाय मुंबईचा दिवस जात नाही. पाव बाटगा राहिला नाही. पण पाव करणाऱ्याला आपण कुठे बसवलं? जर्मनीत बेकर व्हायचं तर तीन वर्षांची उमेदवारी, परीक्षा, पुढे मास्टरची पदवी. ती भिंतीवर चौकटीत लावतात. आपल्याकडे वडापावाला दिवस आहे, गाड्या आहेत, भांडणं आहेत. त्यातल्या पावाचा धनी कोण, हे खाणाऱ्याला माहीत नसतं.

जर्मनीचं सगळंच गोड आहे असं नाही. पश्चिम जर्मनीत पन्नासच्या दशकात पन्नास हजारांहून जास्त बेकऱ्या होत्या, आज साऱ्या देशात दहा हजारही कारागिरी बेकऱ्या उरल्या नाहीत. सुपरमार्केटांत कारखान्यातून आलेले गोठवलेले गोळे यंत्रात ढकलतात आणि ‘ताजा पाव’ म्हणून विकतात. स्वस्त असतो, गर्दी तिथेच. २०२२ नंतर विजेची आणि गॅसची बिलं वाढली. आणि मध्यरात्री दोनला उठायला नवीन पोरं तयार नाहीत. गंमत म्हणजे १९१५ पासून १९९६ पर्यंत या देशात रात्री पाव भाजायला कायद्याने बंदी होती. आधी महायुद्धात धान्य वाचवायला, मग कामगारांची झोप राखायला. आमच्या गल्लीच्या टोकाला आणखी एक बेकरी होती, ती गेल्या हिवाळ्यात बंद झाली. मालक म्हातारा झाला, मुलगा संगणकात. दारावर चिठ्ठी होती आणि खाली गिऱ्हाइकांनी आपल्या हाताने आभार लिहिले होते.

यंदा देवनारला गेले तेव्हा मुद्दाम पहाटे चारला भावाला घेऊन गोवंडीची एक भट्टी बघायला गेले. एवढ्या वर्षांत मी तिथे कधी पाय ठेवला नव्हता. आत पत्र्याचं छप्पर, मैद्याने पांढरी झालेली ट्यूबलाइट, आणि भिंतीत खोल गेलेली विटांची भट्टी. बनियनवरची पाच-सहा मुलं, बहुतेक उत्तर प्रदेशातली. एकजण लाकडी कुंडातली फुगलेली कणीक कोपरापर्यंत हात घालून ओढत होता. दुसरा गोळे तोडत होता, न मोजता, न तोलता, आणि सगळे सारखे. पत्र्यावर एकाला एक खेटून ओळीने बसवायचे, म्हणजे भट्टीत फुगताना ते एकमेकांना दाबतात, बाजूंना खरपूस साल धरत नाही आणि लादी मऊ निघते. दहा हात लांब दांड्याच्या फळीने पत्रे आत सरकवणारा वीस-बावीसचा असेल. तोंडावर आचेची लाली. मी विचारलं, कणीक किती वेळ ठेवता? “रात नऊ बजे गूंथते हैं, बहनजी. जल्दी करेंगे तो पाव में दम नहीं आता.” स्टुटगार्टच्या बेकरने भावाकडे आंबवण ठेवण्याची गोष्ट सांगितली होती, तीही याच विषयाची होती.

भट्टीच्या तोंडाशी जुन्या दारांची, खोक्यांची, मोडक्या कपाटांची लाकडं रचलेली. रंग दिलेली, प्लाय असलेलीसुद्धा. त्याचा धूर वस्तीतच उतरतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनावर जावं असा आदेश दिला, महापालिकेच्या नोटिसा निघाल्या. शहरात त्यावर हळहळ झाली: आता पावाला ती चव राहणार नाही. मला ही हळहळ पटत नाही. डम्पिंगच्या आगीचा धूर २०१६ मध्ये आम्ही आठवडाभर गिळला आहे, देवनारच्या माणसाला धुराचं कौतुक कोणी सांगू नये. स्टुटगार्टमधल्या चांगल्यातल्या चांगल्या बेकऱ्या विजेवर आणि गॅसवर चालतात आणि पाव उत्तम होतो. धुराने थोडी चव येत असेल, पण पावाचा दम रात्री नऊला मळलेल्या कणकेत असतो.

मात्र इंधन बदलायला पैसा लागतो, आणि ही भट्टी चालवणाऱ्याकडे जागेचे कागद नाहीत, बँकेत पत नाही. नोटीस देणं सोपं आहे. मुदतीसोबत स्वस्त कर्ज आणि गॅसची जोडणी दिली नाही, तर भट्ट्या बंद होतील आणि पाव मोठ्या कारखान्यांतून प्लास्टिकच्या पिशवीत येईल, जर्मन सुपरमार्केटात येतो तसा.

आणखी एक गोष्ट, ती सरकारने खरंच मनावर घ्यावी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी, म्हणजे ज्याची राजधानी स्टुटगार्ट आहे त्याच राज्याशी, कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर पाठवायचं ठरलं. त्या राज्यातल्या बेकऱ्यांना हात मिळत नाहीत, हे मी रोज दारावरच्या पाट्यांत वाचते. आपल्या आयटीआयमध्ये बेकरीचा अभ्यासक्रम आहे. गोवंडी, कुर्ला, धारावीच्या भट्ट्यांवरच्या मुलांना तिथे बोलवा, त्यांची कणीक आणि त्यांचा हात बघून परीक्षा घ्या, आणि त्यांना येतं ते येतं असा कागद द्या. जर्मनीला जायचं की गोवंडीतच गॅसची भट्टी लावायची, हे त्यांचं ते ठरवतील.